तिसऱ्या पिस्टनवरची कणीक

सोमवारी कोल्हापूरचं उद्यमनगर बंद असतं. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, पण ज्यानं तिथला मंगळवार ऐकलाय त्यालाच सोमवारची किंमत कळते. एरवी सकाळपासून लेथ, ड्रिल, पत्र्यावर पडणारे हातोडे, आणि या सगळ्यावर आवाज चढवून एकमेकांची विचारपूस करणारी माणसं. ती विचारपूस परगावच्या पाहुण्याला भांडणच वाटते. सोमवारी मात्र सगळी शटरं खाली असतात आणि गल्लीतलं कुत्रं जांभई देतं तेही ऐकू येतं.

अवघड मापं घ्यायला संयोगिता सोमवारच निवडायची. तिच्या वर्कशॉपला भिंतीला भिंत लावून एक पॉवर प्रेस होता. तो चालू असला की फरशी हादरायची आणि डायलची सुई जागच्या जागी थरथरायची. डायल म्हणजे घड्याळासारखी तबकडी, तिला खाली एक बारीक दांडी. ती दांडी केसाच्या जाडीपेक्षा कमी सरकली तरी वर सुई हलते. इतकी भित्री सुई वाचायची तर भोवती चिडीचूप हवं, म्हणून तिचा सोमवारचा उपास चुकला तरी सोमवारचं माप चुकत नसे.

वडील, गुंडू मिस्त्री, गेल्यावर वर्कशॉप तिनंच चालवलं. सुरुवातीला लोक हसले. बाईमाणूस इंजिन बांधणार म्हणजे काय, असं म्हणाले. मग तिनं बांधलेली इंजिनं शर्यतीत पुढं यायला लागली तशी हसणारीच माणसं चपला बाहेर काढून आत यायला लागली. तिचं गुपित काही नव्हतं. ती कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसे, आणि छापील शब्दावर तर मुळीच नाही.

त्या जानेवारीत तिच्यापुढं जे इंजिन स्टँडवर उभं होतं ते तिच्या धाकट्या भावाच्या गाडीचं होतं. विश्वजित तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला भरवण्यापासून शाळेत घालण्यापर्यंत सगळं हिनंच केलं होतं. येत्या रविवारी गगनबावड्याच्या घाटात चढणीची शर्यत होती आणि तो तिच्यात उतरणार होता. त्यासाठी त्यानं परस्पर, ऑनलाइन, परराज्यातल्या कुठल्याशा दुकानातून नवा कॅमशाफ्ट मागवला होता. ‘पी हळद आणि हो गोरी’ असं ती त्याला म्हणाली, तर तो म्हणाला, गोरा मी आधीच हाय.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला एक दांडा. त्याच्यावर उंचवटे असतात. दांडा फिरला की ते एकेक व्हॉल्व्ह ढकलून उघडतात. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा, कधी मिटायचा, हे सगळं त्या उंचवट्यांच्या हाती असतं. कंपनीचा दांडा संसारी असतो. शर्यतीचे दांडे व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि उशिरा मिटतात, त्यातून ताकद येते. पण घडणारा जरा चुकला तर उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो, इंजिन क्षणात आवळतं आणि चाकं जखडतात. हे सपाटीवर झालं तर गाडी ढकलत घरी आणता येते. घाटातल्या वळणावर, एका बाजूला दरी असताना झालं तर आणायला काही उरत नाही. ही भीती तिनं विश्वजितला कधी बोलून दाखवली नव्हती. तो हसला असता, आणि त्याचं हसणं तिला आवडायचं, हीच पंचाईत होती.

“आक्का, दांड्यासंगं आलेल्या कार्डावर सगळी मापं छापल्यात की,” तो म्हणाला. “बसव आन् मोकळी हो.”

“घाट कार्ड चढणार हाय व्हय?”

“लई संशय तुझा.” त्यानं गाडीची किल्ली बोटावर फिरवली. “बाळासोकाका उठलं असतील तर त्यांनाबी घिऊन येतो. तुला जोडीदार गावंल.”

तो गेला आणि ती एकटी राहिली. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन वरखाली करणाऱ्या दांड्याच्या, तोंडाला अंशांची चकती लावली, डायलची दांडी पहिल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर टेकवली आणि लांब पान्यानं इंजिन हळूहळू फिरवायला सुरुवात केली. सुई चढली, टोकाला पोचली, उतरली. चकतीवरचा अंश आणि कार्डावरचा अंश एकच. दुसऱ्या सिलिंडरचंही तसंच. तिला जरा वाईटच वाटलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा एखादं कार्ड खरं बोलत होतं.

तिसऱ्या सिलिंडरला व्हॉल्व्ह उशिरा उघडला. थोडा नाही, चांगला चार अंश उशिरा. आपली चूक असेल म्हणून तिनं सगळं पुन्हा शून्यावर आणून मोजलं, तर फरक सहा अंशांचा आला. लोखंड असं करत नाही. चुकीचं घडवलेलं लोखंड दर वेळी तितकंच चुकतं. माणूस मात्र दर वेळी वेगळं खोटं बोलतो. तिनं पाना खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसले.

तेव्हा तिला दिसलं की सुई हलतेय.

इंजिनाला कुणाचा हात नव्हता. शेजारचा प्रेस बंद होता. सुई सावकाश वर चढली, क्षणभर थांबली आणि तितक्याच सावकाश खाली आली. मग जरा वेळ काहीच नाही. मग पुन्हा वर. ही थरथर नव्हती. थरथर तिनं जन्मभर बघितली होती. झोपलेल्या लहान पोराच्या छातीवर हात ठेवला की हात जसा वरखाली होतो तशी ती सुई होत होती. विश्वजित लहानपणी तापानं फणफणला की ती रात्र रात्र तसा हात ठेवून बसायची, त्यामुळे ती लय तिला नको इतकी ओळखीची होती.

तिनं हेडवर, सिलिंडरांवरच्या जाड झाकणावर, तळवा ठेवला. लोखंड गार होतं, पण जानेवारीतल्या सकाळी असतं त्याहून जास्त गार. आणि वास येत होता. ऑइलचा नाही, ग्रीसचा नाही… पावसाळ्यात दाट झाडीत पानं कुजतात तो ओला, जड वास. तो तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून वर येत होता.

शटरशी पावलं वाजली आणि सुई थांबली.

विश्वजितबरोबर बाळासो आले होते. पलीकडच्या गल्लीत त्यांचं कॅम घासायचं मशीन होतं. सत्तरी उलटली तशी मशीन मुलाच्या हाती देऊन आता ते गल्लीभर चौकशा करत फिरायचे. संयोगितानं सुईचं काही सांगितलं नाही. तिनं नुसता दांडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, दांडा उजेडात धरला आणि अंगठ्याच्या नखानं उंचवट्याच्या कडेला खरवडलं.

“नवा म्हणून घेतलासा व्हय ह्यो?”

“डबा बंद हुता काका,” विश्वजित म्हणाला.

“डबा नवा आसंल. दांडा जुना हाय. झिजलेल्यावर वेल्डिंग भरून परत घासलाय.” त्यांनी मधला भाग दाखवला. पॉलिशच्या खाली गंजाचे बारीक खड्डे होते. “आन् ह्यो कुठंतर पाण्यात पडून हुता. एखादा पावसाळा तरी.”

“नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” संयोगिता म्हणाली. तिला वाटलं बाळासो हसतील. ते हसले नाहीत.

“आमच्या वक्ताला असला दांडा आला की पयला इचारायचो, गाडीत माणूस हुता का. हुता म्हटलं तर हात लावत नव्हतो.” त्यांनी दांडा टेबलावर ठेवला आणि हात लेंग्याला पुसला. “माघारी धाड पोरी.”

“रविवारी शर्यत हाय काका,” विश्वजित म्हणाला. “माघारी धाडून दुसरा यायला पंधरवडा जाईल. आक्का, माप घे की. बसत असंल तर बसंल, न्हायतर जुनाच घालू.”

तो बरोबरच बोलत होता, आणि संयोगिताच्या अंगात मोजायची जी सवय होती तिलाही तेच हवं होतं. अंश सोड, तिनं मनाशी ठरवलं. खरा प्रश्न एकच होता: व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात जागा किती उरते. ते बघायची एक जुनी रीत आहे. प्रत्येक पिस्टनवर मऊ मेणाचा गोळा ठेवायचा, वर हेड बसवून आवळायचं, इंजिन हातानं फिरवायचं आणि मग हेड काढून बघायचं. व्हॉल्व्ह मेणात जितका रुतला, त्याच्या खाली जितकं मेण उरलं, तितकी जागा. पण मेण संपलं होतं आणि सोमवारी दुकानं बंद.

“थांब,” म्हणत विश्वजित जिना चढून वर घरात गेला आणि परातीत झाकून ठेवलेल्या चपातीच्या कणकेतला मूठभर गोळा घेऊन आला.

बाळासो उठलेच. “कणीक घालू नगं त्यात.”

“का ओ काका? मऊ हाय की.”

“आज आमुशा हाय.” ते एवढंच म्हणाले आणि टोपी सारखी करत दारापर्यंत गेले. तिथं थांबून त्यांनी संयोगिताकडं पाहिलं. “तुला सांगाय नगं, पोरी.”

ते गेले. संयोगिताला राग आला, आणि तो कशाचा आला तेही तिला कळत होतं. भीती वाटली की तिला राग यायचा. तिनं हेड उतरवलं, कणकेचे चार भाग केले, तळहातावर तेल घेतलं आणि एकेक गोळा वळला. शेवटचा वळताना हात जरा घुटमळला, मग तिनं तोही ठेवून दिला. दोघांनी मिळून दांडा परत हेडमध्ये घातला, हेड उचलून बसवलं, बोल्ट आवळले, विश्वजितनं पाना लावून इंजिन सावकाश फिरवलं. पहिला, दुसरा, चौथा फिरताना काही जाणवलं नाही. तिसरा वर येताना तो थबकला.

“काय झालं?”

“काय न्हाय. कुणीतर… हात लावल्यावानी पाना हलका झाला.” तो हसला. “उपाशी हाय मी.”

हेड काढलं. तीन पिस्टनवरच्या गोळ्यांत व्हॉल्व्हचे गोल, स्वच्छ ठसे होते आणि खाली जागा भरपूर होती. तिसऱ्यावरचा गोळा चेपलाच नव्हता. त्याच्यावर चार खळगे होते. तीन एका बाजूला ओळीनं, एक पलीकडं. भाकरीचा तुकडा मोडताना बोटं जशी लागतात तसे. आणि मधला लचका गेला होता.

आत बोट जायला कुठं जागा नव्हती. हेड बोल्टांनी आवळलेलं होतं आणि बोल्ट तिनं स्वतः आवळले होते. तिनं भोकात बॅटरी मारली. कणकेचा कणसुद्धा कुठं सांडलेला नव्हता.

“चिकटली असंल वर हेडला,” विश्वजित म्हणाला. हेडला काही चिकटलं नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं. त्यानं चारी गोळे गोळा केले आणि मागच्या दारातून शेडच्या पत्र्यावर भिरकावले. “कावळ्याला हुईल.”

कावळे आले. एकानं पहिला गोळा उचलला, दुसऱ्यानं दुसरा, चौथ्यासाठी दोघांचं भांडण झालं. तिसरा तसाच राहिला. कावळे त्याच्या भोवती उतरले, माना वाकड्या करून बघत राहिले, पण चोच कुणी लावेना. आणखी कावळे आले. पत्रा काळा झाला, आणि एवढे कावळे असूनही एकही ओरडत नव्हता. संयोगिता मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

वडिलांच्या दहाव्याला पंचगंगेवर असंच झालं होतं. घाटावर ऊन चढलं तरी कावळा शिवेना. भाऊबंदांनी एकेक वचन दिलं, कुणी वर्कशॉपचं, कुणी गावाकडच्या जमिनीचं. काही उपयोग झाला नाही. शेवटी तिनं पुढं होऊन हात जोडले आणि म्हणाली, आबा, विशूला मी सांभाळीन, त्याला काय व्हायचं न्हाय. पुढच्या क्षणी कावळा खाली आला होता. विश्वजित तेव्हा लहान होता, पण त्यालाही ते आठवत असणार, कारण आता त्यानं पत्र्याकडं बघत हात जोडले. तोंडावर हसू होतं, आवाज मात्र बारीक झाला होता.

“विशू, काय बोलू नगंस,” ती म्हणाली.

“बाबा, कोण असशील त्यो,” तो म्हणाला, “तुझं जे काय ऱ्हायलंय, ते मी पुरं करतो. जा आता.”

एक कावळा पुढं झाला आणि गोळा घेऊन गेला. बाकीचे एकदम उडाले.

तिनं तिसरा सिलिंडर पुन्हा मोजला. अंश कार्डाशी तंतोतंत जुळला. पुन्हा मोजला, पुन्हा जुळला. कणकेऐवजी दुसऱ्या दिवशी मेण आणून जागा बघितली, तीही बाकीच्या तिघांइतकीच. वास गेला होता. सुई निर्जीव सुईसारखी उभी होती. तिला हायसं वाटलं, आणि मोजमापाच्या माणसाचं हेच दुखणं असतं की आकडा बरोबर आला की त्याचं तोंड बंद होतं. तिनं इंजिन बांधून गाडीत चढवलं.

रविवारी गगनबावड्याला सकाळपासून धुकं होतं. गाड्या खाली कोकणच्या अंगाला लावलेल्या होत्या, तिथून एकेक सुटून घाट चढून वर येत होती. संयोगिता वर शेवटच्या रेषेशी उभी राहिली. विश्वजितचा नंबर सगळ्यांच्या शेवटी होता. त्याची गाडी दिसायच्या आधी तिनं आवाजावरून ओळखली, आणि तिचे डोळे भरून आले, कारण असं गोड चालणारं इंजिन तिनंही आजवर बांधलं नव्हतं. एकेक वळणावर तो सूर न तुटता वर येत होता. पांढरी गाडी धुक्यातून बाहेर आली, रेषा ओलांडून गेली, माणसांनी टाळ्या वाजवल्या. वेळ त्या दिवसातली सगळ्यात चांगली होती.

गाडी थांबली. विश्वजित उतरला नाही. ती धावत काचेपर्यंत गेली तेव्हा तो समोर बघत बसला होता आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर अगदी हलके ठेवलेले होते. तो गाडी नेहमी आवळून धरायचा.

“विशू, उतर की.”

त्यानं मान वळवली. एखाद्या दुकानदाराकडं बघावं तसं तिच्याकडं पाहिलं, गाडी फिरवली आणि आल्या वाटेनं घाट उतरून धुक्यात दिसेनासा झाला.

तिनं जीप काढली. अख्खा घाट ती एकेका कठड्याकडं बघत उतरली, आणि प्रत्येक कठडा शाबूत दिसला की मोठ्यानं श्वास सोडत होती. खाली चहाच्या टपरीवर माणूस म्हणाला, पांढरी गाडी आत्ताच आत वाडीकडं वळली, हात करून गेला, ओळखीचा असल्यासारखा. तांबड्या मातीच्या वाटेच्या शेवटी एक कौलारू घर होतं. फणसाखाली गाडी तोंड वाटेकडं करून नीट लावलेली होती. बॉनेटमधून गरम लोखंडाची टिकटिक येत होती.

पडवीत विश्वजित मांडी घालून जेवत होता. समोर एक म्हातारी बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता.

“विशू…”

त्यानं वर पाहिलं. मग म्हातारीकडं वळून मऊ आवाजात म्हणाला, “आये, दारात कोणतरी इला गो.”

विश्वजितला मालवणीचा एक शब्द येत नव्हता. कोकणात गेला की तो हॉटेलात हिंदी बोलायचा, यावरून ती त्याची थट्टा करायची.

“ये बाय, बस,” म्हातारी म्हणाली. “माझो झील आज घराक इलो.”

तिनं सांगितलं ते थोडंच होतं. मुलगा गाडी घेऊन कोल्हापूरहून पावसात निघाला होता. पावसाळा सरल्यावर घाटाखालच्या ओढ्यात गाडी सापडली, तो सापडला नाही. गाडी भंगारात गेली. लोक म्हणाले, त्याचे दिवस घाल. तिनं घातले नाहीत. “येतलो त्येचे दिवस कित्याक घालू?” असं ती लोकांनाच विचारायची.

संयोगिता पडवीच्या पायरीवर बसली. म्हातारीच्या मुलाला अजून कुणी पिंड दिला नव्हता. पहिला घास त्याला उद्यमनगरात मिळाला होता, तिच्या हातानं वळलेला.

“आजी,” ती म्हणाली, “त्यो माझा भाऊ हाय. मी त्याला वाढीवलाय. मला माघारी द्या.”

म्हातारीनं हात पुढं करून त्याचं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, गालावरून बोटं फिरवली. बोटं हनुवटीशी थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला, पण हात तिनं लगेच काढला नाही.

“आवाज माझ्याच झिलाचो,” ती म्हणाली. “जेवान होवंदे. मगे ने.”

तो जेवला, उठून हात धुतले. म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “जा बाबा. जंय रवशीत थंय सुखान रव.” आणि तो मुकाट्यानं संयोगिताच्या मागून येऊन जीपमध्ये बसला. निघताना शेजारच्या घरातल्या बाईनं कशाला लागला तर म्हणून संयोगिताचा नंबर घेतला. घाट चढून वर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. ती म्हणाली, बरं वाटतंय का. तो म्हणाला, “व्हय.” त्या एका शब्दावर ती रडली.

डॉक्टर म्हणाले, ताण आहे, विश्रांती द्या. तिनं गाडी वाडीतून ओढून आणली, इंजिन खोलून तो दांडा काढला आणि शिरोलीला एका ओळखीच्या फाउंड्रीत नेऊन भट्टीत टाकायला लावला. लोखंड लाल झालं, मग पांढरं झालं, मग त्याला आकार उरला नाही, तोवर ती तिथंच उभी राहिली. बाळासोंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “वितळीवलास? त्या म्हातारीला द्यायचा हुता.” का ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. संकट टळलं की माणसाला पुढचं ऐकायचं नसतं.

विश्वजित बदलला, पण चांगल्या अंगानं. लवकर उठायचा, अंगण झाडायचा, हॉर्न न वाजवता गाडी चालवायचा, ताटात टाकत नव्हता. नातेवाईक म्हणाले, पोरगं सुधारलं. तो थोडंच बोलायचा, आणि बोलायचा ते ऐकून ऐकून शिकल्यासारखं नीट बोलायचा. आपण त्याला फार लाडावून ठेवलं होतं, आता तो मोठा झाला, असं संयोगिता स्वतःला सांगायची.

एका संध्याकाळी दोघं जेवायला बसले असताना तिचा फोन वाजला. आधी ती शेजारची बाई बोलली, मग तिनं म्हातारीकडं दिला.

“बाय,” म्हातारी म्हणाली, “तू तुझ्या भावाक नेलंस मां?”

“व्हय आजी. हितंच हाय. जेवालाय.”

“मगे हय दारात कोण बसलो आसा?”

संयोगिताच्या हातातला घास हातातच राहिला.

“त्या दिसापासना बसलो आसा. वाढलंय तर जेवणा नाय. माका दिसणा नाय गो… पण रातभर आक्का, आक्का करता. आमच्यात आक्का कोण नाय.” म्हातारीचा आवाज उतरला. “आयक.”

फोन कुठंतरी पुढं धरल्यासारखा झाला. वारा ऐकू आला, फणसाची पानं वाजली. आणि मग लांबून, थकलेला, लहानपणी तापात असायचा तसा आवाज.

“आक्का… ने की मला.”

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, घाटावरून आल्यापासून समोरच्यानं तिला एकदाही आक्का म्हटलेलं नव्हतं. न्यायचं म्हटलं तरी कशानं न्यायचं, हेही तेव्हाच तिच्या ध्यानात आलं. ज्या दांड्यातून हा आला होता त्यातच त्याला माघारी घालता आलं असतं, पण तो दांडा आता कुठं नव्हता. शिरोलीत त्याचं कुणाच्या तरी पंपाचं झाकण झालं असेल. तिनं नजर वर उचलली.

तो जेवायचा थांबला होता. मान जराशी कलती करून, फोनमधलं सगळं ऐकत असल्यासारखा तो तिच्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, उलट माया होती.

“ठेव फोन,” तो म्हणाला. “म्हातारी एकटी असतीया. तिला सोबत झाली.”

मग त्यानं ताट पुढं सरकवलं. “भात वाढ.”